छोट्या पडद्यावर वेबमेल : ‘पाठवा’चे बटण पडद्याखाली जाते, त्यावर उपाय हवा आहे

ओसरी (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे काम मी पाहतो. वाचकांना वापरण्यासाठी आमच्याकडे तीन संगणक आहेत. त्यांपैकी दोन दहा इंची नेटबुक, म्हणजे छोटे लॅपटॉप, आहेत आणि त्यांच्या पडद्याचे रिझोल्यूशन १०२४×६०० आहे. तिसऱ्या संगणकाला पंधरा इंची जुना मॉनिटर जोडलेला असून त्याचे रिझोल्यूशन १०२४×७६८ आहे. तिन्हींवर हलके लिनक्स आणि फायरफॉक्स आहे. वेग कमी असला तरी त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन मिनिटे थांबण्याची आमच्या वाचकांची तयारी असते. प्रश्न वेगळाच आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी नोकरीचा अर्ज ईमेलने पाठवण्यासाठी आली होती. तिचे खाते तिच्या शिक्षणसंस्थेने दिलेल्या वेबमेलवर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलवर, आहे. तिने नेटबुकवर बसून पाऊण तास अर्ज लिहिला, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला अशी दोन अटॅचमेंट जोडली आणि खिडकी बंद करून ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा अर्ज ‘मसुदे’ या फोल्डरमध्ये तसाच पडलेला होता आणि मुदत आदल्या दिवशी संपलेली होती. मी तिला विचारले, की पाठवण्याचे बटण दाबले होते का? तिने सांगितले, की बटण दिसतच नव्हते, म्हणून तिला वाटले, की इथे लिहून बंद केले की पत्र आपोआप जाते. तिने बंद करताना ‘जतन झाले’ अशी हिरवी पट्टीही आली होती. तिची चूक होती असे मला एका क्षणासाठीही वाटत नाही.

त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर मी त्याच नेटबुकवर बसून सगळे मोजले. पडद्याची उंची ६०० पिक्सेल. त्यातून लिनक्सची खालची पट्टी २६ आणि ब्राउझरच्या टॅबची, पत्त्याची व बुकमार्कची पट्टी मिळून १०० वजा केले, की पानाला ४७४ पिक्सेल उरतात. या वेबमेलमध्ये वरचा नाव-चिन्हाचा पट्टा ६४, सूचनेची पिवळी पट्टी ४०, बटणांची ओळ ४८, ‘प्रति’ची ओळ ४०, ‘विषय’ची ओळ ४०, अक्षरे ठळक-तिरपी करण्याची ओळ ४४ आणि तळाशी ‘पाठवा’ची ओळ ५२ पिक्सेल घेते. म्हणजे ३२८ पिक्सेल नुसत्या चौकटीत जातात आणि मजकुरासाठी १४६ उरतात, त्यात देवनागरीच्या जेमतेम सहा ओळी बसतात. इथपर्यंत निदान बटण दिसत असते. पण एकेका अटॅचमेंटची ३६ पिक्सेलची पट्टी येते आणि ‘सीसी’ची, म्हणजे इतरांना प्रत पाठवण्याची ओळ उघडली तर आणखी ४०. हे ११२ पिक्सेल वाढले, की तळाची ओळ पडद्याखाली निघून जाते. पानाला स्क्रोलपट्टी नाही, त्यामुळे खाली सरकताही येत नाही. तेच पत्र मोठ्या मॉनिटरवर उघडले तर सगळे जागच्या जागी दिसते, म्हणून संस्थेकडे तक्रार केली तेव्हा ‘आमच्याकडे नीट दिसते’ असे उत्तर आले.

दररोज दहा-बारा माणसे या नेटबुकवर मेल पाहतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असे का होते, हे कोणी नीट समजावून सांगू शकेल का? आणि सार्वजनिक संगणकावर, जिथे प्रत्येक तासाला माणूस बदलतो, तिथे टिकेल असा उपाय कोणता?

तिठा

ओसरी, तुम्ही आकडे मोजून दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले आहे. तातडीचा उपाय म्हणून कंट्रोल दाबून वजाचे चिन्ह दाबा आणि पान ८० टक्क्यांवर आणा. त्यामुळे पानाच्या दृष्टीने ४७४ची उंची सुमारे ५९२ होते. तुमच्या हिशेबाप्रमाणे दोन अटॅचमेंट आणि सीसी धरून चौकट ४४० घेते, म्हणजे मजकुराला दीडशेच्या आसपास पिक्सेल उरतील आणि बटण परत दिसू लागेल. ९० टक्क्यांवर मात्र बहुधा काम होणार नाही.

दुसरा मार्ग एफ११चा. त्याने ब्राउझरच्या पट्ट्या आणि लिनक्सची पट्टी दोन्ही बाजूला होतात आणि पूर्ण ६०० पिक्सेल मिळतात. एवढे नको असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून निदान बुकमार्कची पट्टी घालवा. सार्वजनिक संगणकावर ती पट्टी ठेवण्याचे कारणही नाही.

बऱ्याच वेबमेलमध्ये कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले, की पत्र जाते. बटण दिसो वा न दिसो, या कळा चालतात. काही ठिकाणी मात्र ही सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

ओसरी (धागाकर्ता)

तिठा, आपले आभार. ८० टक्क्यांचा उपाय मी करून पाहिला आणि हिशेब बरोबर निघाला, बटण दिसते. पण त्याची अडचण लिहितो, कारण ती देवनागरी वाचणाऱ्यांची अडचण आहे.

दहा इंचांच्या या पडद्यावर ८० टक्के केल्यावर इंग्रजी मजकूर बारीक होतो, पण वाचता येतो. मराठीत ‘कृपया’मधला ऋकार आणि उकार यांतला फरकच नाहीसा होतो. ‘पाठवु’ लिहिले आहे की ‘पाठवू’, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले तर तिथे नुसता काळा ठिपका राहतो. काल पेन्शनच्या कामासाठी आलेले एक निवृत्त शिक्षक भिंगातून पडदा पाहत होते. ज्यांना अक्षर मोठे करून हवे आहे त्यांनाच आपण ते लहान करून देत आहोत, हे मला पटत नाही.

एफ११ चांगला चालतो, मात्र टॅब आणि पत्ता नाहीसे झाले की माणसे गोंधळतात आणि बाहेर कसे पडायचे म्हणून हाक मारतात. मी आता प्रत्येक नेटबुकच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘बटण दिसत नसेल तर एफ११ दाबा, परत येण्यासाठी पुन्हा एफ११ दाबा’. कंट्रोल-एंटर आमच्या त्या वेबमेलमध्ये चालत नाही, हेही नोंदवतो.

बोरू

मी पुण्यात वेबसाइटच्या दर्शनी भागाचे, म्हणजे मांडणीचे काम गेली अनेक वर्षे करतो. हा दोष कसा तयार होतो ते सविस्तर लिहितो, कारण तो एका संस्थेपुरता नाही आणि मी स्वतःही असे काम पूर्वी करून दिलेले आहे.

आमच्या धंद्यात ‘छोटा पडदा’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइल येतो, आणि मोबाइल म्हणजे कमी रुंदी. २०१० साली वेब-डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली आणि २०१२च्या जूनमध्ये मीडिया क्वेरीचे, म्हणजे पडद्याचे माप विचारून मांडणी ठरवण्याचे नियम डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाले. त्या नियमांत रुंदीबरोबर उंचीही विचारता येते, पहिल्यापासून विचारता येते. तरीही प्रत्यक्षात जवळजवळ सगळे नियम रुंदीवर लिहिले जातात. रुंदी ७६८पेक्षा कमी असेल तर मोबाइलची मांडणी दाखवा, जास्त असेल तर डेस्कटॉपची. तुमच्या नेटबुकची रुंदी १०२४ आहे, म्हणून त्याला डेस्कटॉप समजून तीन रकाने, दोन पट्टे आणि सगळा पसारा दिला जातो. उंची ४७४ आहे हे कोणी विचारतच नाही. रुंदीला डेस्कटॉप आणि उंचीला मोबाइल, असा हा मधलाच पडदा आहे.

आता बटण नेमके का नाहीसे होते ते पाहू. वेबमेल हे साधे पान म्हणून न बांधता एखाद्या प्रोग्रॅमच्या खिडकीसारखे बांधतात. सगळ्यांत बाहेरच्या चौकटीला पडद्याइतकी उंची देतात आणि ओव्हरफ्लो ‘हिडन’ ठेवतात, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापले जाते आणि स्क्रोलपट्टी येत नाही. आतले पट्टे ठरावीक उंचीचे असतात. लवचीक असतो तो फक्त मजकुराचा भाग, आणि त्यालाही कोणीतरी ‘याहून लहान होऊ नये’ अशी किमान उंची दिलेली असते. तुमच्या आकड्यांवरून ती १२०च्या जवळपास असावी. सुरुवातीला १४६ शिल्लक होते म्हणून सगळे मावले. अटॅचमेंट आणि सीसीनंतर ३४ उरले. मजकुराचा भाग १२०च्या खाली जायला तयार नाही, चौकट वाढायला तयार नाही, मग ८६ पिक्सेल बाहेर गेले आणि सगळ्यांत तळाशी असलेली ५२ची ‘पाठवा’ची ओळ पूर्णपणे त्यात कापली गेली. म्हणून हा दोष अटॅचमेंट जोडल्यावरच दिसतो आणि चाचणी करणारा रिकामे पत्र पाठवून ‘चालते’ असे लिहून मोकळा होतो. त्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. अर्जाला दाखले जोडावेच लागतात, आणि दाखले जोडले की बटण जाते.

जुन्या वेबमेलमध्ये हे होत नसे. स्क्विरलमेल वापरलेल्यांना आठवेल, की त्याच्या सेटिंगमध्ये पत्र लिहितानाची बटणे कुठे असावीत हे वापरणाऱ्याला ठरवता येत असे, पत्त्याच्या ओळींच्या वर, पत्ता आणि मजकूर यांच्या मध्ये किंवा मजकुराच्या खाली. आणि ते साधे एचटीएमएल पान असल्यामुळे काहीही झाले तरी खाली सरकता येत असे. दिसायला ते अगदीच साधे होते, पण ‘पाठवा’ कधी हरवत नव्हते.

‘नेटबुक आता कोण वापरतो’ असे संस्थेने म्हटले तर त्यांना हे सांगा. आजही कार्यालयांत आणि घरांत १३६६×७६८चे लॅपटॉप भरपूर आहेत. त्यावर अक्षर मोठे दिसावे म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के केले, की ब्राउझरच्या दृष्टीने तो पडदा १०९३×६१४चा होतो. १५० टक्के केले तर ९११×५१२चा. १२५ टक्क्यांवर टास्कबार आणि ब्राउझरच्या पट्ट्या वजा केल्या, की उरणारी उंची तुमच्या ४७४च्या आसपासच येते. म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हाच दोष रोज सोसत असणार.

पाऊलखूण

मी एका पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे पत्र लिहिण्यापेक्षा आलेली पत्रे वाचण्याचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तेवढे लिहिते.

तीन रकान्यांच्या मांडणीत डावीकडे फोल्डर, मध्ये पत्रांची यादी आणि उजवीकडे पत्र असते. १०२४च्या रुंदीत फोल्डर २००, यादी ३२० गेली, की वाचायला पाचशे पिक्सेल राहतात. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी योजनांची जाहिरातवजा पत्रे बहुतेक ६०० पिक्सेल रुंदीच्या तक्त्यात बांधलेली असतात. त्यामुळे प्रत्येक पत्र आडवे सरकवून वाचावे लागते, आणि उजव्या कडेला असलेली रक्कम किंवा अंतिम तारीख नेमकी दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे, पण तो सेटिंगमध्ये दडलेला असतो. जीमेलमध्ये वाचनाचा रकाना बंद ठेवता येतो आणि डावीकडची यादी तीन आडव्या रेघांवर क्लिक करून मिटवता येते. राउंडक्यूब या वेबमेलमध्ये मांडणीच्या पर्यायांत नुसती ‘यादी’ निवडता येते, मग पत्र पूर्ण रुंदीत उघडते. राउंडक्यूबची १.४ ही आवृत्ती २०१९ साली आली आणि तिच्याबरोबर ‘इलॅस्टिक’ नावाचे रूप आले, जे लहान पडद्यावर स्वतःच रकाने मिटवते. तुमच्या संस्थेकडे त्याआधीचे रूप चालू असेल तर ते बदलण्याची विनंती करून पाहा.

दुसरी गोष्ट ओळींच्या दाटीची. उंची कमी म्हणून आम्ही यादी ‘दाट’ करून घेतली. एका पडद्यावर जास्त पत्रे दिसू लागली, पण एका वेबमेलमध्ये ओळीची उंची इतकी कमी झाली, की देवनागरी अक्षरांचे खालचे टोक कापले जाऊ लागले. ‘कागदपत्रांची पूर्तता’ या विषयाचे पत्र यादीत ‘कागदपत्रांची पर्तता’ असे दिसते. ऊकार ओळीच्या कडेखाली जातो आणि वरचा रफार वरच्या ओळीला चिकटतो. ‘सूचना’ची ‘सचना’ होते. इंग्रजीत खाली लोंबणारी अक्षरे मोजकी असतात आणि वर मात्रा नसतात, त्यामुळे ही मांडणी करणाऱ्याला यात चूक दिसत नाही.

बोरू

पाऊलखूण, हे फार महत्त्वाचे निरीक्षण आहे. त्याचे कारण असे, की मांडणीत आधी इंग्रजी फॉन्ट ठरवलेला असतो आणि ओळीची उंची त्याच्यावर बेतलेली असते. मराठी अक्षर आले, की ब्राउझर संगणकात असेल तो देवनागरी फॉन्ट घेतो. विंडोजवर तो निर्मला किंवा मंगल असेल, लिनक्सवर लोहित किंवा नोटो असेल. त्या फॉन्टला वर-खाली जास्त जागा लागते, पण ओळीची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकल्यामुळे ती मिळत नाही आणि ओव्हरफ्लो कापलेला असल्यामुळे टोक जाते. मी देवनागरी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट, शक्यतो १.६ पट ओळ देतो आणि ओळीची उंची कधीही ठरावीक पिक्सेलमध्ये लिहीत नाही. दाट यादी हवी असेल तर जागा ओळीतून न काढता ओळीभोवतीच्या मोकळ्या जागेतून काढावी.

निळीशाई

चर्चा चांगली चालली आहे, पण एक वेगळे मत मांडतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी प्रत्येक सेवेने आपली मांडणी बदलावी, ही अपेक्षा किती रास्त आहे? आसूसचे सात इंची ईई पीसी २००७ साली आले तेव्हा त्याचा पडदा ८००×४८० होता, पुढे दहा इंची यंत्रे १०२४×६००ची आली, आणि काही वर्षांतच तो प्रकार बाजारातून गेला. ग्रंथालयाला देणगीतून दोन मोठे मॉनिटर मिळाले तर नेटबुकला जोडता येतील, कारण बहुतेक नेटबुकला मॉनिटर जोडण्याची सोय असते. आणि मेल पाहण्यासाठी आज बहुतेकांकडे मोबाइल आहे. मोबाइलवर ही अडचण येतच नाही.

ओसरी (धागाकर्ता)

निळीशाई, मॉनिटर जोडण्याची सूचना मी मनापासून स्वीकारतो आणि त्यासाठी दोन सभासदांशी बोललोही आहे. मोबाइलबद्दल मात्र आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी एकच मोबाइल असतो आणि तो कामावर जाणाऱ्याबरोबर जातो. अर्जाचा मजकूर टंकलिखित करणे, दाखला स्कॅन करणे, त्याचा आकार कमी करून जोडणे, ही कामे ते ग्रंथालयात येऊन करतात, कारण इथे स्कॅनर आहे आणि मदतीला माणूस आहे. त्यांना मोठा पडदा आणि नवे यंत्र निवडण्याची मुभा असती तर ते माझ्या नेटबुकवर बसलेच नसते.

पूर्वी एक सोय होती, तीही गेली. जीमेलचे साध्या एचटीएमएलमधले रूप आम्ही नेटबुकवर कायम चालू ठेवत असू. ते पटकन उघडायचे, पान सरकायचे, बटणे वरही होती आणि खालीही. २०२४च्या सुरुवातीला गूगलने ते रूप बंद केले. तेव्हापासून जुन्या यंत्रांवर मेल पाहणाऱ्यांचा मुक्काम दर वेळी अर्ध्या तासाने वाढला आहे.

कंदील

मी मडगावला राहते. निळीशाई यांच्या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देते, कारण माझे यंत्र जुने नाही आणि तरीही माझी अडचण ओसरी यांच्यासारखीच आहे.

माझी दृष्टी अधू आहे. माझा लॅपटॉप १३६६×७६८चा आहे आणि मी प्रत्येक पान २०० टक्क्यांवर वाचते. ब्राउझरमध्ये पानाला साधारण ६२५ पिक्सेल उंची मिळते, ती दुप्पट झूमवर पानाच्या दृष्टीने ३१२ राहते आणि रुंदी ६८३. म्हणजे मी ओसरी यांच्या नेटबुकपेक्षाही लहान पडद्यावर रोज मेल लिहिते. वरचा पट्टा आणि सूचनेची पट्टी मिळून माझ्या पडद्याचा तिसरा हिस्सा अडवतात आणि त्या सरकत नाहीत. पुष्कळदा मजकुराची एकच ओळ दिसते आणि मी त्या एका ओळीत पूर्ण पत्र लिहिते, मागचे वाक्य काय होते ते लक्षात ठेवून.

बटण दिसत नसले तर मी टॅबची कळ दाबत जाते. काही वेबमेलमध्ये टॅबने बटणावर पोहोचता येते, पण ते पडद्याबाहेर असल्यामुळे आपण नेमके कशावर आहोत हे कळत नाही. एकदा मी ‘पाठवा’ समजून एंटर दाबले आणि ते शेजारचे ‘टाकून द्या’ निघाले. दोन तासांचे पत्र गेले. तेव्हापासून मी पत्र आधी दुसरीकडे लिहून मग तिथे चिकटवते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जून २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या मानकात कलम १.४.१० आहे. मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत मावला पाहिजे, दोन्ही दिशांना सरकवावे लागू नये आणि माहिती किंवा सोय हरवू नये, असे ते सांगते. १२८०च्या रुंदीचे पान ४०० टक्के मोठे केले की हेच ३२० होतात. त्याआधीपासूनचे कलम १.४.४ सांगते, की अक्षर २०० टक्के केले तरी कोणतीही सोय नाहीशी होता कामा नये. पाठवण्याचे बटण नाहीसे होणे ही सोय नाहीशी होणेच आहे. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२मध्ये माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे अशी तरतूद आहे. ओसरी, तुम्ही संस्थेला पुन्हा लिहाल तेव्हा ‘जुने नेटबुक’ एवढेच लिहू नका. ‘१३६६×७६८च्या लॅपटॉपवर २०० टक्के झूम करून दोन अटॅचमेंट जोडा’ असे लिहा. ते त्यांच्या स्वतःच्या टेबलावर अर्ध्या मिनिटात दिसेल.

निळीशाई

कंदील, तुमचा प्रतिसाद वाचून माझे मत मी बदलतो. यंत्राच्या वयाचा प्रश्न म्हणून मी पाहत होतो, ते चुकीचे होते.

वैयक्तिक वापरासाठी एक पर्याय सुचवतो. थंडरबर्डसारखा मेलचा स्वतंत्र प्रोग्रॅम वापरला तर वेबमेलच्या मांडणीतून सुटका होते. त्यात तीन प्रकारच्या मांडण्या आहेत, अक्षर हवे तेवढे करता येते आणि पाठवण्याचे बटण वरच्या पट्टीत असते. हलक्या यंत्रांसाठी क्लॉज मेलही चांगला आहे. आयमॅप, म्हणजे अशा प्रोग्रॅममधून मेल वाचण्याची सोय, चालू असले आणि संस्थेने बाहेरच्या प्रोग्रॅमला परवानगी दिली असली, की झाले.

तिठा

वैयक्तिक यंत्रावर थंडरबर्ड उत्तम, पण ग्रंथालयात नको. खाते जोडले की पत्रे आणि पासवर्ड यंत्रावर राहतात, आणि तासाभराने तिथे दुसरा माणूस बसतो. सार्वजनिक संगणकावर वेबमेल, खासगी विंडो आणि उठताना लॉग-आउट, एवढेच असावे.

बोरू

तिठा यांच्याशी सहमत आहे, म्हणून उपाय ब्राउझरमध्येच करू. सीएसएस, म्हणजे पानाच्या मांडणीचे नियम, बदलणारी ‘स्टायलस’सारखी अ‍ॅड-ऑन मिळतात, पण त्यांना सगळ्या पानांतला मजकूर वाचण्याची परवानगी द्यावी लागते, आणि इतरांचे मेल उघडले जातात त्या यंत्रावर मी ती देणार नाही. फायरफॉक्समध्ये स्वतःचे नियम एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘क्रोम’ नावाचे उपफोल्डर करायचे आणि त्यात ‘यूजरकंटेंट’ ही सीएसएस फाइल ठेवायची. फायरफॉक्स ६९पासून ही फाइल वाचण्याची सोय मुळात बंद असते, ती अबाउट-कॉन्फिगच्या पानात जाऊन एकदा चालू करावी लागते.

नियम असे. पहिला, ते सगळे फक्त त्या संस्थेच्या पत्त्यापुरते आणि उंची ५६०पेक्षा कमी असेल तेव्हाच लागू व्हावेत. दुसरा, बाहेरच्या चौकटीचा ओव्हरफ्लो ‘हिडन’ऐवजी ‘ऑटो’ करायचा, म्हणजे मावले नाही तर निदान स्क्रोल होईल. तिसरा, तळाच्या ओळीला पोझिशन ‘स्टिकी’ आणि बॉटम शून्य द्यायचे, म्हणजे आत काहीही वाढले तरी ‘पाठवा’ पडद्याच्या खालच्या कडेला चिकटून राहील. चौथा, नाव-चिन्हाचा ६४चा पट्टा ३२वर आणायचा. सूचनेची पट्टी मी लपवणार नाही, कारण ‘उद्या सेवा बंद’ अशी सूचना त्यातूनच येते. तिला फक्त स्क्रोलबरोबर वर जाऊ द्यायचे. आतल्या एखाद्या लवचीक चौकटीलाही किमान उंची शून्य द्यावी लागेल, नाहीतर ती लहान व्हायला नकार देते. हे शेवटचे पुष्कळजण विसरतात आणि मग बाकीचे नियम चालत नाहीत असे वाटते.

त्या पानाची रचना मला निरोपातून पाठवा, फाइल मी लिहून देतो. पण हीच दुरुस्ती संस्थेच्या बाजूने जेमतेम दहा ओळींची आहे, हेही त्यांना कळवा.

ओसरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार मानून पुढचे कळवतो.

बोरू यांनी दिलेली फाइल दोन्ही नेटबुकवर बसवली. पहिल्या दिवशी ‘पाठवा’ची ओळ चिकटली, पण मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी तिच्यामागे झाकल्या जात होत्या. मजकुराच्या भागाखाली ५६ पिक्सेल मोकळी जागा सोडल्यावर ते सुटले. आता पाच अटॅचमेंट जोडून पाहिली, बटण जागेवर राहते आणि अक्षर १०० टक्क्यांवरच आहे. भिंग घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी काल १२० टक्के झूम करून स्वतः पत्र पाठवले आणि ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये ते दिसते का, हेही स्वतःच उघडून पाहिले. कडेच्या चिठ्ठीवर मी आता एफ११च्या खाली तेवढेच एक वाक्य वाढवले आहे, की उठण्यापूर्वी ‘पाठवलेले’ उघडून पत्र तिथे आहे याची खात्री करा.

संस्थेला मी कंदील यांनी सुचवल्याप्रमाणे लिहिले, १३६६×७६८, २०० टक्के, दोन अटॅचमेंट, आणि सोबत पडद्याची दोन छायाचित्रे जोडली. या वेळी चौथ्या दिवशी उत्तर आले. दोष त्यांना त्यांच्या यंत्रावर दिसला आहे, आणि अटॅचमेंटच्या पट्ट्या मजकुराबरोबर सरकणाऱ्या भागात हलवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आहे. मुदत संपलेल्या अर्जाबद्दल ते काही करू शकत नाहीत, ते त्यांच्या हातात नव्हतेही. ती मुलगी परवा दुसऱ्या जागेच्या अर्जासाठी आली होती आणि तिने तो त्याच नेटबुकवरून पाठवला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ‘प्रति’च्या शेजारी पत्ते निवडण्याची जी छोटी खिडकी उघडते ती ५२० पिक्सेल उंच आहे आणि तिचे ‘निवडा’चे बटण अजून पडद्याखालीच जाते. लिनक्सच्या स्वतःच्या खिडक्या अशा खाली गेल्या तर ऑल्ट दाबून माउसने वर ओढता येतात, पण ही पानातलीच खिडकी असल्यामुळे ती हलत नाही. तिची रचना बोरू यांना आज रात्री पाठवतो.